कॅन्टीनची मोटरसायकल घ्यावी की शोरूमची? फौजींसाठी आणि माजी सैनिकांसाठी सगळा हिशोब

सुट्टीवर आलेलं पोरगं पहिले दोन दिवस झोपतं, तिसऱ्या दिवशी देवाला जाऊन येतं आणि चौथ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसतं. "तात्या, गाडी घ्यायचीय. कॅन्टीनमधून काढू का इथूनच उचलू?" मी लष्करात क्लार्क होतो, कागदांत आयुष्य गेलं, त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यातली निम्मी कोटेशनं माझ्या चष्म्याखालून जातात.

पूर्वी मी डोळे झाकून "कॅन्टीन" म्हणायचो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले आणि ते उत्तर मोडलं. आता मी आधी विचारतो, किती सीसीची गाडी? मग विचारतो, सुट्टी किती दिवसांची? आणि पासिंग कुठलं करणार? या तीन उत्तरांवर सगळं ठरतं. बाकीची माहिती ही तीन उत्तरं नीट काढण्यासाठी.

कॅन्टीनमध्ये गाडी स्वस्त का मिळते

कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट, म्हणजे सीएसडी, १९४८ पासून चालू आहे. खातं संरक्षण मंत्रालयाचं, मुख्य कार्यालय मुंबईत महर्षी कर्वे रस्त्यावर. आपण साबण, तेल, बिस्किटं घेतो ती युनिटची कॅन्टीन, यूआरसी. तिच्यावर डेपो असतो; पुण्याकडच्या लोकांना खडकीचा डेपो माहीत असेल. मोटरसायकल, कार, फ्रिज या वस्तू कॅन्टीनच्या फळीवर नसतात. त्यांना 'अगेन्स्ट फर्म डिमांड' म्हणतात, बोलताना नुसतं एएफडी. तुम्ही मागणी नोंदवायची, पैसे सीएसडीच्या खात्यात भरायचे, मग डेपो तुमच्याच शहरातल्या डीलरला हुकूम पाठवतो की या माणसाला ही गाडी द्या. त्या कागदाला एलएसओ म्हणतात, लोकल सप्लाय ऑर्डर.

म्हणजे गाडी त्याच शोरूममधून निघते. "कॅन्टीनच्या गाडीचा पत्रा पातळ असतो" ही पारावरची गोष्ट आहे. कारखाना तोच, वॉरंटी तीच, फ्री सर्व्हिसिंग तेवढंच. फरक फक्त बिलात.

बिलातला फरक असा. जून २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे सीएसडीला खरेदीवर भरलेल्या जीएसटीतला निम्मा भाग सरकारकडून परत मिळतो आणि पुढे कॅन्टीनच्या कार्डधारकाला विकताना वेगळा जीएसटी लागत नाही. तुमची खरी बचत म्हणजे हा निम्मा जीएसटी. डीलरचं कमिशनही कॅन्टीनच्या गाडीवर कमी असतं, त्यामुळे थोडा आणखी फरक पडतो. त्याच कारणामुळे काही शोरूममध्ये कॅन्टीनच्या गिऱ्हाइकाला चहा उशिरा येतो.

आता दर पाहू. सप्टेंबर २०२५ पर्यंत ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलवर २८ टक्के जीएसटी होता. तो १८ झाला. ३५० च्या वरच्या गाड्यांवर २८ टक्के आणि ३ टक्के सेस होता, तो सेस काढून सरळ ४० टक्के लावला. समजा कराआधी गाडीची किंमत १,००,००० रुपये आहे. जुन्या दराने शोरूमला १,२८,००० आणि कॅन्टीनला १,१४,००० व्हायचे, म्हणजे १४,००० वाचायचे. नव्या दराने १,१८,००० आणि १,०९,०००. वाचतात ९,०००. गाडी दोन्हीकडे स्वस्त झाली, पण कॅन्टीनची आघाडी ५,००० ने घटली.

मोठ्या गाडीचं उलट. कराआधी २,२०,००० ची साडेचारशे सीसीची गाडी धरा. ४० टक्क्यांनी शोरूमची किंमत ३,०८,००० होते, निम्म्या कराने २,६४,०००. चव्वेचाळीस हजारांचा फरक. इतक्या पैशांसाठी महिनाभर थांबायला कोणाचीच हरकत नसावी.

हे पाटीवरचं गणित आहे. सीएसडीची छापील किंमत प्रत्येक मॉडेलला वेगळी असते आणि काही हजारांनी इकडेतिकडे होते. सीएसडीच्या ऑनलाइन पोर्टलवर आपल्या डेपोची यादी उघडून तीच धरायची. पण दिशा याच गणिताने कळते. ३४९ सीसीची बुलेट किंवा क्लासिक १८ टक्क्यांत बसते, ४५२ सीसीची हिमालयन ४० टक्क्यांत. फौजीला बुलेटचं वेड असतंच, तर ही एका सीसीची मेख त्याने लक्षात ठेवलेली बरी. ई-स्कूटरवर जीएसटीच ५ टक्के आहे. त्याचा निम्मा म्हणजे अडीच टक्के, त्यासाठी कॅन्टीनचे हेलपाटे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत.

पहिलं काम: दोन्हीकडचा 'ऑन रोड' आकडा एका कागदावर

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माणूस कॅन्टीनच्या यादीतला आकडा आणि शोरूमच्या फलकावरचा ऑन रोड आकडा शेजारी ठेवतो आणि "पंचवीस हजार वाचले" म्हणून मित्रांना पार्टी देतो. कॅन्टीनच्या आकड्यात रोड टॅक्स नाही, विमा नाही, पासिंगची फी नाही. ते सगळं डीलरकडे वेगळं भरायचं असतं.

तेव्हा डीलरकडून दोन लेखी कोटेशनं मागा, एक साधं आणि एक कॅन्टीनचं, दोन्हींत ओळीओळीने आकडे. तोंडी आकडा घेऊन निघू नका. मग एकेक ओळ तपासा.

रोड टॅक्स. महाराष्ट्रात दुचाकीला एकरकमी कर लागतो. शंभर सीसीच्या पुढच्या गाडीला ११ टक्के आणि तीनशेच्या पुढे १२ टक्के धरून चाला. प्रश्न असा विचारायचा: हा टक्का कुठल्या किमतीवर लावलाय, कॅन्टीनच्या बिलावर की शोरूमच्या किमतीवर? उत्तर कोटेशनवर लिहून घ्या आणि गरज पडली तर आरटीओच्या खिडकीवर पडताळा. वरच्या साडेचारशे सीसीच्या गाडीत या एका ओळीत पाच हजारांचा फरक निघतो.

विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून. त्याचे दर सरकारी आहेत, डीलरच्या मर्जीचे नाहीत. जून २०२२ च्या दरपत्रकात पाच वर्षांचा हप्ता ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि ३५० च्या वर १५,११७ असा आहे, वर जीएसटी. घासाघीस होते ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात. तो डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही. ऑनलाइन दर काढा, मोबाईलवर दाखवा, आकडा बहुतेक वेळा तिथेच खाली येतो.

विम्यातल्या दोन गोष्टी कॅन्टीनवाल्याने मुद्दाम बघायच्या. गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या जाहीर विक्री किमतीवरून ठरते. ती कॅन्टीनच्या कमी बिलावरून कमी धरलेली नाही ना, ते पाहा. गाडी चोरीला गेली तर भरपाई त्या आकड्यावर मिळते. दुसरं, 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचं जोडकव्हर विकतात. त्यात बिलाची रक्कम मिळते, आणि तुमचं बिलच कमी आहे. तेव्हा त्याचे पैसे भरण्याआधी विमावाल्याला कुठलं बिल धरणार ते विचारा. मालक-चालकाच्या १५ लाखांच्या अपघाती विम्याबद्दलही तसंच. तेवढ्या रकमेचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही. आपला पगार ज्या बँकेच्या डिफेन्स पॅकेजमध्ये जातो तिथे असा विमा अनेकदा असतो, आणि आपल्या पोरांना ते माहीत नसतं. त्याचा कागद विमा कंपनीला चालतो का ते विचारून घ्या.

पासिंगची सरकारी फी दुचाकीला ३०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे ५००, स्मार्ट कार्डाचे २००, वर पोस्टाचा किरकोळ खर्च. यापुढे 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'फाइल चार्ज' अशी ओळ दिसली की बोट ठेवून विचारा, ही पावती कुठल्या नियमाची? एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट गाडीबरोबरच येते. तिचे वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका. हेल्मेट द्यायचं, हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतलाच भाग आहे.

राहिली ॲक्सेसरीज. क्रॅश गार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग. कॅन्टीनच्या गाडीवर कमिशन कमी म्हणून काही डीलर सहा-सात हजारांचं सामान गळ्यात मारतात, नाहीतर "स्टॉक नाही" म्हणतात. माझ्या पुतण्याच्या वेळी हेच झालं. आम्ही उठून तालुक्याच्या दुसऱ्या शोरूमला गेलो आणि तिथे कोटेशनात ॲक्सेसरीजची ओळ कोरी आली. उठून जायची तयारी ठेवली की निम्मं काम होतं.

पासिंग कुठलं? हा प्रश्न गाडीच्या रंगाआधी सोडवा

पेन्शनवर आलेल्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. गाव आपलं, आरटीओ आपलं, विषय संपला.

नोकरीतल्या जवानाचं तसं नसतं. पोस्टिंग जोधपूरला, घर कराडला. गाडी कोण चालवणार हे आधी स्वतःला विचारा. घरी भाऊ किंवा बायको चालवणार असेल तर गावच्या डीलरकडून, गावच्या पत्त्यावर घ्या. युनिटमध्ये वापरणार असाल तर हिशोब वेगळा.

कायदा म्हणतो, एका राज्यात पासिंग झालेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी करायची. त्यासाठी मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत, नव्या राज्याचा कर, आणि मग जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागत बसायचं. दर तीन वर्षांनी मूव्ह होणाऱ्या माणसाला हे जमत नाही. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बीएच, म्हणजे 'भारत' नंबरांची मालिका आली. सैन्यदलात नोकरीत असलेल्याला ओळखपत्रावर बीएच नंबर मिळू शकतो. राज्य बदललं तरी नंबर तोच. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्क्यांच्या दराने, तोही जीएसटी सोडून उरलेल्या किमतीवर. खिशातून सुरुवातीला जाणारे पैसे खूप कमी होतात. मोबदल्यात दर दोन वर्षांनी तारीख लक्षात ठेवावी लागते, उशिराला दिवसाला १०० रुपये दंड आहे. आणि गाडी विकताना घेणारा बीएचला पात्र नसेल तर त्याला साध्या नंबरवर आणून घ्यावी लागते, म्हणून गावच्या बाजारात तिला गिऱ्हाईक जरा कमी.

बीएच घ्यायचा असेल तर डीलरला पैसे देण्याआधी सांगा. काही डीलरांनी दुचाकीचा बीएच कधी केलेलाच नसतो आणि ते "होत नाही" म्हणून मोकळे होतात. होतं. ते काम करणारा डीलर शोधायचा.

युनिटजवळ घेऊन नंतर रेल्वेने गावी आणायचा विचार असेल तर पार्सल ऑफिसला आरसी, विमा, ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी लागते आणि गोणपाटाचं पॅकिंग. इंडिकेटर आणि आरसे काढून घरच्या पिशवीत ठेवा. मोडून आलेला आरसा कोणी भरून देत नाही.

सुट्टीचं कॅलेंडर उलटं मोजा

आता कॅन्टीनचं ठरलं असं धरू. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल. कॅज्युअलवर येऊन पहिल्या दिवशी कॅन्टीनची मागणी टाकणारा माणूस, गाडीचा हार बघितल्याशिवाय परत जातो. पुतण्याची गोष्ट सांगतो. पैसे भरले आठव्या दिवशी, हुकूम आला सतराव्या दिवशी, आणि तेव्हा डीलर म्हणाला काळी संपली, लाल घ्या. काळीच पाहिजे म्हणून थांबला. गाडी आली तेव्हा हा गाडीतच होता, पण झेलम एक्स्प्रेसच्या.

म्हणून घरी यायच्या महिना-दीड महिना आधी, युनिटमधूनच कामाला लागा. क्रम साधारण असा:

कार्ड तपासा. ग्रोसरी कार्डची मुदत, त्यावरचं नाव, नोंदलेला मोबाईल नंबर. सगळं पोर्टल ओटीपीवर चालतं. नंबर जुना असेल, किंवा सिम अशा ठिकाणी असेल जिथे रेंज नाही, तर पहिल्याच पायरीवर अडकाल. माजी सैनिकांचे निम्मे हेलपाटे या जुन्या नंबरामुळे होतात.

पात्रता विचारा. मागच्या एएफडी गाडीनंतर किती वर्षांनी पुढची मिळते, हे रँक आणि वस्तूप्रमाणे ठरतं आणि आदेश निघून बदलतं. व्हॉट्सॲपवर फिरणारा तक्ता वाचू नका. ज्या कॅन्टीनशी कार्ड जोडलंय तिथल्या एएफडी क्लार्कला विचारा, चालू आदेश त्याच्या टेबलावर असतो. वीरपत्नी आणि कार्ड असलेल्या विधवांनाही हा हक्क आहे. गावोगाव कितीतरी घरांत हे माहीतच नसतं, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा जाऊन यावं.

कागद स्कॅन करून ठेवा: कार्डच्या दोन्ही बाजू, पॅन, आधार, नोकरीत असाल तर ओळखपत्र, निवृत्त असाल तर डिस्चार्ज बुकची पानं आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, बँकेचा रद्द केलेला चेक. पॅनवर 'पाटील संभाजी आनंदराव' आणि कार्डवर 'संभाजी ए पाटील' असेल तर आधीच क्लार्कला दाखवा. नावाच्या उलटापालटीने जेवढ्या फायली परत येतात तेवढ्या दुसऱ्या कशाने येत नसतील.

मग डीलर. त्याच्याकडून उपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर मॉडेल, व्हेरिएंट, रंग आणि सीएसडीचा इंडेक्स नंबर बरोबर आहे का, हे अक्षर अक्षर जुळवा. डिस्क ब्रेकचा आणि ड्रम ब्रेकचा इंडेक्स नंबर वेगळा असतो. एकाचे पैसे भरून दुसरी गाडी मिळत नाही, सगळं रद्द करून पुन्हा सुरू करावं लागतं. "गाडी आत्ता गोदामात आहे का कंपनीकडून येणार आहे?" हे फोनवर विचारा आणि शक्य असेल तर भावाला पाठवून चॅसिस नंबरचा फोटो मागवा.

त्यानंतर पोर्टल. जानेवारी २०२१ पासून एएफडीची मागणी ऑनलाइन नोंदवता येते. नोंदणी, मॉडेल आणि डीलरची निवड, कागद चढवणं, मंजुरी, पैसे, आणि डेपोकडून डीलरला एलएसओ. प्रत्येक टप्प्याचा स्क्रीनशॉट ठेवा. मागणी फॉर्मसोबत जे हमीपत्र असतं ते सही करण्याआधी वाचा. गाडी स्वतःसाठी आहे, आणि पुढे विकण्याबद्दल काय अट आहे, ते त्यात असतं. आपले लोक पेन्शनच्या फॉर्मसारखी सही ठोकतात आणि दोन वर्षांनी गाडी विकताना माझ्याकडे येतात.

पैसे सीएसडीच्याच खात्यात. डीलरच्या खात्यात, क्लार्कच्या फोन पेवर, "साहेबांच्या ओळखीच्या" माणसाकडे एक रुपया नाही. डीलरला फक्त टॅक्स, विमा आणि पासिंगचे, आणि तेही पावतीवर. कर्ज काढत असाल तर बँकेला आधीच सांगा की गाडीचे पैसे सीएसडीला जाणार आणि बाकीचे डीलरला. शोरूममध्ये टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्यांना ही पद्धत झेपत नाही, पगार जमा होणाऱ्या बँकेला झेपते. व्याजदरही तिथे बहुधा कमी पडतो.

एलएसओ निघाला की त्यावर मुदत असते. ती संपायच्या आत डिलिव्हरी घ्यायची. आणि एकदा पैसे भरून मागणी रद्द केली तर परतावा डेपोमार्फत येतो. तो येतो, बुडत नाही, पण सरकारी चालीने येतो. हप्त्यावर काढलेले पैसे असतील तर तेवढे दिवस व्याज तुमचं.

लोकल डीलर कधी बरा

मी कॅन्टीनच्या बाजूचा माणूस आहे, तरी खालच्या वेळी शोरूममध्येच जायला सांगतो.

सव्वाशे सीसीपर्यंतची गाडी आणि घरात विकायला जुनी गाडी असेल तर. कॅन्टीनच्या व्यवहारात एक्स्चेंज नसतं. शोरूमवाला दसऱ्याला किंवा पाडव्याला जुन्या स्प्लेंडरवर चार-पाच हजार बाजारभावापेक्षा जास्त देतो, वर रोख सूट, वर मोफत विम्याचं वर्ष. या सगळ्याची बेरीज कॅन्टीनच्या सात-आठ हजारांना गाठते. जुनी गाडी गावात स्वतः विकली तर काय येईल, तेही विचारा आणि मग तुलना करा.

नवं मॉडेल नुकतंच आलं असेल तर. ते कॅन्टीनच्या यादीत यायला वेळ लागतो, आणि आलं तरी सगळे रंग, सगळे व्हेरिएंट येतातच असं नाही.

सुट्टीचे दहा दिवस उरले असतील तर. किंवा गाडी मुलाच्या नावावर हवी असेल तर. कॅन्टीनची गाडी कार्डधारकाच्याच नावावर पासिंग होते. मुलगी कॉलेजला स्कूटर चालवणार असेल तर चालवू दे, लायसन असेल तर काही अडचण नाही. पण आरसीवर नाव वडिलांचं.

आणि मार्च महिना असेल तर. कंपनीचं टार्गेट, डीलरची घाई, अशा वेळी घासाघीस करायला जीव येतो. फक्त गाडी कुठल्या महिन्यात तयार झाली ते बघा. विक्री प्रमाणपत्रावर, फॉर्म २१ वर, महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. मार्चमध्ये मिळालेली गाडी आदल्या वर्षाच्या सप्टेंबरची निघाली तर सूट त्याच कारणाने मिळालीय. पुढे विकताना वर्ष बघूनच भाव होतो.

"काका, तुमच्या कार्डावर काढून द्या की"

हे लिहायला नको वाटतं, पण लिहितो. तुमच्याकडे कार्ड आहे हे कळलं की साडूचा मुलगा येतो. साडेसहाशे सीसीची गाडी, त्याचे पैसे, तुमचं नाव, "नंतर ट्रान्सफर करू". मोठ्या गाड्यांवरचा फरक वाढल्यापासून ही मागणी वाढलीय. नाही म्हणा. तुम्ही हमीपत्रावर सही केलेली असते. नोकरीत असाल तर ती शिस्तभंगाची बाब, पेन्शनर असाल तर कार्ड जाऊ शकतं. शिवाय आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत त्याने केलेल्या अपघाताची नोटीस तुमच्या दाराला चिकटणार. नात्यात वाईटपणा येतो हे खरं. मी सरळ सांगतो, "माझा नंबर वापरून झालाय." देव माफ करील.

याचीच दुसरी बाजू ऑनलाइन बाजारात दिसते. वर्दीतला फोटो, "आर्मीत आहे, पोस्टिंग झाली, कॅन्टीनची बुलेट अर्ध्या किमतीत देतो, गाडी कॅम्पात आहे, आधी गेटपासचे पैसे पाठवा." खरा फौजी गाडी विकताना गेटपासचे पैसे मागत नाही. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि आरसीवरचं नाव ओळखपत्राशी जुळवल्याशिवाय एक पैसा पाठवू नका, मग समोरचा कितीही "जय हिंद" म्हणो.

डिलिव्हरीच्या दिवशी

उजेडात जा. संध्याकाळी सातला शोरूमच्या दिव्याखाली प्रत्येक गाडी नवी दिसते. एलएसओची प्रत, विमा पॉलिसी आणि फॉर्म २१ हातात घ्या; गाडीवरचा चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी जुळतो का ते बोट फिरवून बघा. किलोमीटरचा काटा दोन-चारच्या आत असावा. टाकीचं झाकण, साइड स्टँड, दोन्ही किल्ल्या, टूल किट, बॅटरीचं वॉरंटी कार्ड. नंबर पडल्याशिवाय गाडी ताब्यात देणं डीलरला कायद्याने चालत नाही, तेव्हा "घेऊन जा, नंबर आठवड्यात येईल" असं म्हणाला तर गाडी तिथेच ठेवा. त्या आठवड्यात काही झालं तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते.

घरी आल्यावर एलएसओ, सीएसडीचं बिल आणि पैसे भरल्याची पावती एका फोल्डरमध्ये, डिस्चार्ज बुकाशेजारी. पुढची गाडी मागताना मागच्या खरेदीची तारीख लागते, आणि ती आठवत नसते. आरसी मोबाईलवर एम-परिवहनमध्ये येते. ती आली की नाव, पत्ता, सीसी आणि तयार झाल्याचा महिना तपासा. चूक असेल तर पहिल्या आठवड्यात डीलरच्या गळ्यात पडून दुरुस्त करून घेता येते. नंतर तेच काम तुमची पुढची सुट्टी खातं.

पुतण्याची काळी बुलेट आमच्या गोठ्याशेजारी झाकून उभी होती. पुढच्या सुट्टीत आला तेव्हा बॅटरी उतरली होती. जाताना बॅटरीची वायर सोडून ठेवायचं मी विसरलो होतो, ते तुम्ही विसरू नका.